तपासणीनंतरचा प्रश्न : तांबड्या पेशीतले पाणी का गळते?

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने तपासणीसाठी ठरवलेली पहिली मुदत 2025-26 या वर्षाबरोबर संपते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून ही मोहीम सुरू झाली. 17 राज्यांतील आदिवासीबहुल भागांत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी तीन वर्षांत करायची आणि 2047 पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू द्यायचा नाही, असे उद्दिष्ट तेव्हा जाहीर झाले. 2025 च्या मध्यापर्यंत तपासणीचा आकडा सहा कोटींच्या पुढे गेला होता. त्यात दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक आढळले.

गोंदिया जिल्ह्याला हा आजार नवा नाही. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. राज्याचा नियंत्रण कार्यक्रम 2008 च्या सुमारास सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने पूर्व विदर्भात पसरला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द आता घरोघरी माहीत आहेत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. विदर्भात हा आजार आदिवासी समाजापुरता मर्यादित नाही. अनुसूचित जातींत आणि काही ओबीसी समाजांतही तो आढळतो. त्यामुळे मोहीम 'आदिवासी' म्हणून आखली गेली, तरी गोंदियातला प्रश्न त्या चौकटीत मावत नाही.

तपासणी झाली, हातात कार्ड आले, पुढे काय? एसएस असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला एक सल्ला हमखास मिळतो : पोराला भरपूर पाणी पाजा, उन्हात आणि थंडीत जपा. सल्ला बरोबर आहे. पण तो का बरोबर आहे आणि कुठपर्यंत पुरतो, हे क्वचितच सांगितले जाते. त्याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते : तांबड्या पेशीच्या आवरणातील पोटॅशियमच्या दारात, आणि ते दार ज्यात बसवलेले असते त्या मेदाच्या पापुद्र्यात.

सेकंदांची शर्यत

सिकलसेलचे मूळ हिमोग्लोबिनमध्ये आहे. या प्रथिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. पण व्हॅलिन पाण्यापासून दूर पळणारे अमिनो आम्ल आहे. ऊतींना ऑक्सिजन देऊन झाल्यावर हे बदललेले हिमोग्लोबिन शेजारच्या रेणूला चिकटते, त्याला तिसरा, चौथा असे करत लांब ताठ दांडे तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेली पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. तिच्यामागे इतर पेशी साचतात, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी साधारण दहा ते वीस दिवसांत फुटते.

तरीही रुग्णाच्या सगळ्या पेशी सतत वाकलेल्या नसतात. दांडे बनायला थोडा वेळ लागतो. केशवाहिन्यांतून पेशी साधारण एका सेकंदात पार होते. दांडे बनण्याआधी ती फुप्फुसाकडे निघाली, पुन्हा ऑक्सिजन मिळाला, तर संकट टळते. म्हणजे ही पेशी आणि तिच्यातले हिमोग्लोबिन यांच्यातली शर्यत आहे.

या शर्यतीचा निकाल बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरतो : पेशीत हिमोग्लोबिन किती दाट आहे. 1974 मध्ये अमेरिकेतील हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवले की, हिमोग्लोबिनची घनता किंचित वाढली तरी दांडे बनण्याचा वेळ झपाट्याने घटतो. हे नाते साध्या पटीचे नाही. ते घनतेच्या पंधराव्या ते तिसाव्या घाताच्या दरम्यान जाते. तिसावा घात धरला तर घनता फक्त पाच टक्क्यांनी वाढल्यावर वेळ चौपटीहून कमी होतो. निरोगी पेशीत दर शंभर मिलिलिटरमागे 32 ते 36 ग्रॅम हिमोग्लोबिन असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या सुकलेल्या पेशींत ते 40 च्या वर जाते. अशा पेशीला शर्यत जिंकण्याची संधी फार थोडी.

घनता वाढते कशी? हिमोग्लोबिन वाढून नव्हे. पेशीतले पाणी बाहेर जाते म्हणून.

पोटॅशियम गेले की पाणी जाते

तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा वीस पटींहून अधिक असते. हा फरक राखण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. आतले पोटॅशियम एकदम बाहेर पडले, तर त्याच्याबरोबर क्लोराइड निघते आणि क्षारांच्या मागोमाग पाणी निघते. पेशी आक्रसते.

1958 मध्ये हंगेरीतील ग्योर्गी गार्डोस यांनी असे पाहिले की, तांबड्या पेशीत कॅल्शियम शिरले की पोटॅशियम वेगाने बाहेर पडते. ज्या दारातून ते पडते त्याला आज 'गार्डोस चॅनेल' म्हणतात. हे दार एरवी बंद असते. कॅल्शियम त्याच्या आतल्या बाजूला बसलेल्या कॅलमोड्युलिन या प्रथिनाला बिलगले की ते उघडते. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉडरिक मॅककिनन यांच्या प्रयोगशाळेने या दाराची रचना अणूंच्या पातळीवर टिपली. पोटॅशियम चॅनेलच्या रचनेसाठी मॅककिनन यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले आहे.

सिकलसेलमध्ये दुष्टचक्र येथेच सुरू होते. दांडे आतून पेशीपटलाला टोचतात, पटल ताणले जाते, ताण पडल्यावर कॅल्शियमला आत घेणाऱ्या वाटा खुल्या होतात. त्यांत 'पिझो-1' या ताण ओळखणाऱ्या चॅनेलचा वाटा असल्याचे पुरावे आहेत. अशी चॅनेल शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. कॅल्शियम आत आले की गार्डोस चॅनेल उघडते, पोटॅशियम जाते, पाणी जाते, हिमोग्लोबिन दाट होते आणि पुढच्या फेरीत दांडे अधिक लवकर बनतात. प्रत्येक फेरी पेशीला थोडी अधिक सुकवते.

ही साखळी खरी आहे याला निसर्गातलाच दाखला आहे. सिकलसेल नसलेल्या काही कुटुंबांत पिझो-1 किंवा गार्डोस चॅनेलच्या जनुकातच दोष असतो. गार्डोसमधला असा दोष 2015 मध्ये उघड झाला. या लोकांचे हिमोग्लोबिन सामान्य असूनही त्यांना रक्तक्षय होतो. हे दार बिघडले तर रक्ताचे काय होते, ते त्यांच्यावरून कळते.

गेट आणि पाळ

आतापर्यंतची गोष्ट दारांची झाली. पण दार हवेत उभे नसते. गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा तलावांचे उदाहरण येथे जवळचे ठरेल. तलावाचे गेट कितीही मजबूत असो, ते ज्या मातीच्या पाळीत बसवले आहे ती खचली, की गेट अडकते किंवा बाजूने गळू लागते. पेशीत गेट म्हणजे चॅनेल आणि पाळ म्हणजे मेदरेणूंचे पेशीपटल. फरक एवढाच की पेशीची पाळ गेटला आधार देऊन थांबत नाही, गेट चालवण्यातही भाग घेते.

बराच काळ शास्त्रज्ञ पेशीपटलाला फक्त वेष्टण समजत. हा समज 1990 च्या दशकात मोडला. पटलाच्या आतल्या थरात 'पिप-टू' नावाचा ऋणभारित मेदरेणू अत्यल्प प्रमाणात असतो. अमेरिकेतील डोनाल्ड हिल्गेमन यांनी 1996 मध्ये हृदयाच्या पेशींत आणि 1998 मध्ये सहकाऱ्यांसह आणखी काही पोटॅशियम चॅनेलमध्ये दाखवले की, पिप-टू नसेल तर ही दारे बंद पडतात. तो परत दिला की पुन्हा चालू होतात. 2011 मध्ये अशाच एका चॅनेलची पिप-टूसह रचना प्रसिद्ध झाली. त्यात मेदरेणू चॅनेलच्या खाचेत किल्लीसारखा बसलेला दिसला.

याचे मोल रुग्णाच्या शरीरातही दिसते. अँडरसन-ताविल सिंड्रोम या दुर्मीळ आजारात स्नायू अधूनमधून लुळे पडतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होतात. या आजाराला कारण ठरणाऱ्या अनेक जनुकीय दोषांत चॅनेलची पिप-टूवरची पकड सैल झालेली असते. दार शाबूत असते, किल्ली नीट बसत नाही.

तांबड्या पेशीत मेदाचा संबंध तीन ठिकाणी येतो. पहिला गार्डोस चॅनेलशी. प्रयोगशाळेतील पेशींवर केलेल्या कामात अ‍ॅराकिडोनिक आम्ल हे मेदाम्ल या चॅनेलला बंद करते, असे आढळले. पिप-टूच्याच कुळातील दुसरा मेदरेणू रोगप्रतिकारक टी-पेशींमध्ये त्याला चालू ठेवतो, हेही दिसले. दुसरा संबंध पिझो-1 शी. ते थेट पटलाच्या ताणावर चालते, त्यामुळे पटलात कोणती मेदाम्ले आहेत यावर ते किती सहज उघडेल हे बदलते. 2019 मधील एका अभ्यासात काही मेदाम्लांनी पिझो-1 ला आवर घातल्याचे दिसले.

तिसरा संबंध रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महागात पडणारा. निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदरेणू पटलाच्या आतल्या थरातच ठेवलेला असतो. कॅल्शियम वाढले की हे राखीव वाटप मोडते आणि तो बाहेरच्या थरात येतो. रक्ताच्या दृष्टीने ती खूण असते : ही पेशी संपली, हिला काढून टाका. अशी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते आणि गुठळी बनण्याला हातभार लावते. एकच कॅल्शियम एका बाजूने पोटॅशियमचे दार उघडते आणि दुसऱ्या बाजूने मेदाची मांडणी उलटवते. पेशी सुकते आणि चिकटही होते.

दार बंद करणारे औषध

हे सगळे कळल्यावर उपाय सरळ वाटतो : गार्डोस चॅनेल बंद करा. प्रयत्न झालाही. गजकर्णावर लावायच्या मलमातले क्लोट्रिमॅझोल हे चॅनेल बंद करते, असे आढळले. 1996 मध्ये बोस्टनच्या कार्लो ब्रुन्यारा आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना ते तोंडावाटे देऊन पाहिले आणि पेशींतले पाणी टिकल्याचे दिसले. मलमाचे औषध पोटात घेण्याचे दुष्परिणाम असतात, म्हणून त्याच धर्तीवर सेनिकापॉक हे नवे औषध बनवले गेले.

सेनिकापॉकच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास तीनशे रुग्णांवरच्या या चाचणीत रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले, पेशी फुटण्याचे प्रमाण घटले. पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. कारणांविषयी तर्क आहेत. पेशी जास्त टिकल्या की रक्त दाट होऊन प्रवाह मंदावू शकतो. शिवाय पोटॅशियम बाहेर जाण्याची आणखी एक वाट पेशीत असते, ती या औषधाने बंद होत नाही. चिकटपणाचा प्रश्नही वेगळाच उरतो.

हा धडा पुढेही कामी आला असता. हिमोग्लोबिन वाढवणारे व्होक्सेलोटॉर 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि सप्टेंबर 2024 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. अहवालातला आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नाही, हे दोन्ही औषधांनी दाखवले. रुग्णाला झटके किती आले, रुग्णालयात किती दिवस गेले, शाळा आणि मजुरी किती बुडाली, हे मोजमाप खरे.

मेदाच्या बाजूनेही प्रयत्न झाले. सुदानमध्ये ओमेगा-3 मेदाम्ले देऊन केलेल्या चाचणीत झटके कमी झाल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. निष्कर्ष आशादायक आहे, पण तो तिथल्या रुग्णांचा, मोजून दिलेल्या कॅप्सूलचा आहे. विदर्भातल्या जवसाच्या चटणीतही ओमेगा-3 असते, मात्र ते वेगळ्या प्रकारचे असून शरीरात त्याचे रूपांतर फार थोडे होते. तलावातली मासळी आणि जवस आहारात जरूर असावेत. त्यांना औषधाच्या जागी बसवू नये. पोटॅशियम बाहेर जाते म्हणून केळी किंवा शहाळ्याचे पाणी जास्त द्यावे, हा समजही चुकीचा. कमतरता रक्तातल्या पोटॅशियमची नाही. पेशीला ते धरून ठेवता येत नाही, ही अडचण आहे.

गोंदियासाठी याचा अर्थ

आता 'भरपूर पाणी प्या' या सल्ल्याकडे परत पाहता येते. पाणी प्यायल्याने गार्डोस चॅनेल बंद होत नाही. मात्र शरीरातले पाणी घटले, तर रक्तद्रव दाट होऊन पेशीतले पाणी अधिकच ओढले जाते, आणि ते टाळणे हातात आहे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची पाणी राखण्याची ताकद लहान वयातच कमी होते. असा रुग्ण पाणी कमी प्यायला तरी लघवी पातळ आणि जास्तच होते. इतरांना जे चालते ते त्याला चालत नाही.

म्हणून या जिल्ह्यात सल्ला ऋतू आणि कामाशी जोडायला हवा. एप्रिल-मे मध्ये मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करताना, रोजगार हमीच्या कामावर भर उन्हात, पाण्याची सोय हीच औषधाइतकी गरज आहे. जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीत धोका उलटा असतो : दिवसभर गार चिखलात उभे राहणे, अंगावर पाऊस. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचतात, पेशींचा प्रवास लांबतो आणि शर्यतीचे सेकंद हातचे जातात. शाळेतल्या एसएस मुलाला वर्गात पाण्याची बाटली ठेवू देणे आणि लघवीला जाऊ देणे हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे. शिक्षकाला मुलाच्या कार्डाचा अर्थ माहीत असावा लागतो, एवढेच.

झटका आल्यावर मात्र हिशेब बदलतो. शिरेतून सलाईन मोजूनच द्यावे लागते. गरजेपेक्षा जास्त दिले तर फुप्फुसांवर भार येऊ शकतो. त्यामुळे गावात कुणाकडून तरी 'दोन बाटल्या लावून' घेणे धोक्याचे. 101 अंशांच्या आसपास ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी पांढरे पडणे, पोटात डाव्या बाजूला गोळा जाणवणे, तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून तिथवर पोहोचायला लागणारा वेळ हाही आजाराचाच एक भाग ठरतो.

ज्या औषधाने आज खरोखर फरक पडतो ते जुनेच आहे. हायड्रॉक्सियुरिया गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. ते दांड्यांत सामील होत नाही. त्याचबरोबर पेशी आकाराने मोठ्या होतात आणि सुकलेल्या दाट पेशींचे प्रमाण घटते. म्हणजे पाण्याच्या प्रश्नावरही ते आडवाटेने काम करते. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीव्र आजार असलेल्या मुलांना दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम एवढ्या कमी, ठरावीक डोसनेही झटके आणि रक्त देण्याची गरज कमी झाली. हा पुरावा शेजारच्या शहरातला, याच भागातल्या मुलांचा आहे. औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते रोज घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचा साठा खंडित झाला, तर कार्डाचा उपयोग उरत नाही.

जनुक उपचाराची बातमीही आशेची आहे. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने पहिला क्रिस्पर उपचार मंजूर केला. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे 22 लाख डॉलर ठेवण्यात आली. भारतात नोव्हेंबर 2025 मध्ये 'बिरसा 101' हा स्वदेशी उपचार जाहीर झाला. बिरसा मुंडा यांच्या नावाचा हा उपचार दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने विकसित केला असून तो पुढे नेण्याची जबाबदारी सीरम इन्स्टिट्यूटकडे आहे. तो सामान्य रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंतची वर्षे मात्र पाणी, हायड्रॉक्सियुरिया, लसीकरण आणि वेळेवर उपचार यांच्या बळावरच काढायची आहेत.

सिकलसेलचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे रुग्णाला मिळणाऱ्या सवलती हा त्याचा हक्क आहे. दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेत मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून लग्नाआधी कार्ड पाहणे शहाणपणाचे. मोहिमेची भर आतापर्यंत या दुसऱ्या गोष्टीवर होती आणि ती योग्यच होती. पण ज्या मुलांच्या कार्डावर आज एसएस लिहिले आहे, त्यांच्यासाठी निर्मूलनाचे वर्ष 2047 नाही. त्यांची पेशी रोज थोडी थोडी सुकते आहे. किती तपासले याबरोबरच, सापडलेल्यांपैकी किती जणांना वर्षभर अखंड औषध मिळाले आणि किती जणांचे झटके कमी झाले, हे तालुकानिहाय जाहीर होऊ लागले, तर मोहिमेचा पुढचा टप्पा खऱ्या अर्थाने सुरू झाला असे म्हणता येईल.